अभिव्यक्ती स्वातंत्र्य वर्गात शिकवताना: आधी मजकूर, मग कलम, निकाल सगळ्यात शेवटी

संविधानाचं कलम १९ शिकवून झालं, निर्बंधांची यादी फळ्यावर लिहून झाली, मग वर्गात वादविवाद लावला आणि दहाव्या मिनिटाला दोन बाकांमध्ये भांडण पेटलं. मुंबईतल्या कनिष्ठ आणि पदवी महाविद्यालयांत शिकवणाऱ्या सहकाऱ्यांकडून मी हे दरवर्षी ऐकते. याच्या उलटही होतं. सगळा वर्ग ‘स्वातंत्र्य हवं, पण स्वैराचार नको’ असं एका सुरात म्हणतो, तास संपतो आणि कुणाच्या हाताला काही लागलेलं नसतं. दोन्ही वेळा चूक तीच असते. ज्या कवितेवरून, कथेवरून किंवा पुस्तकावरून खटला झाला ते मुलांनी वाचलेलंच नसतं. कुणाला काय लागलं आणि कोर्टाने काय म्हटलं, एवढंच त्यांच्यापर्यंत पोचलेलं असतं.

खालचा क्रम सहा ते सात तासांचा आहे, एक तास ४८ मिनिटांचा धरून. अकरावी-बारावीला चालतो, पदवीच्या प्रथम वर्षालाही चालतो. मजकूर तेवढा बदलावा लागतो. टप्प्यांची अदलाबदल मात्र करू नका. मी केली होती, आणि त्या वर्षीच्या वह्यांमध्ये निकालाची नक्कल सोडून काही नव्हतं.

टप्पा १: तयारी (वर्गात जाण्याआधी किमान दोन आठवडे)

आधी खटला निवडा. निकष एकच ठेवा: मूळ मजकूर वर्गात वाचता येईल असा हवा, निदान निकालपत्रात तरी तो पुरेसा आलेला हवा. ‘गाजलेला खटला’ हा निकष लावलात तर फसाल. गाजलेल्या खटल्यांबद्दल मुलांची मतं घरूनच तयार होऊन आलेली असतात.

अकरावी-बारावीसाठी माझी पहिली पसंती सर्वोच्च न्यायालयाचा २८ मार्च २०२५ चा, कवी आणि काँग्रेस नेते इम्रान प्रतापगढी यांच्या प्रकरणातला निकाल. एका सामूहिक विवाहसोहळ्याच्या चित्रफितीमागे एक उर्दू कविता वाजली, त्यांनी ती फीत समाजमाध्यमावर टाकली म्हणून जामनगरला गुन्हा नोंदवला गेला. गुजरात उच्च न्यायालयाने तो रद्द करायला नकार दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. कविता निकालपत्रातच आहे, इंग्रजी अनुवादासह. ती छोटी आहे, मुलांसमोर वाचताना कुठे अडखळावं लागत नाही, आणि एका तासात दोनदा वाचून होते.

पदवीच्या वर्गासाठी चंद्रकांत काकोडकर विरुद्ध महाराष्ट्र राज्य, १९६९. ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकातली ‘श्यामा’ ही काकोडकरांची मराठी कथा. उच्च न्यायालयाने दोषी ठरवलं, सर्वोच्च न्यायालयाने सोडलं. अंक मिळाला नाही तरी अडत नाही, कारण कथेचा सारांश निकालातच आहे. त्याच्या जोडीला रणजित उदेशी प्रकरण घ्या, १९६४ चं. मुंबईतल्या एका बुकस्टॉलवर डी. एच. लॉरेन्सची ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’ ही इंग्रजी कादंबरी विकली गेली, गिऱ्हाईक पोलिसांनीच पाठवलेलं होतं, आणि उदेशी धरून स्टॉलच्या भागीदारांवर खटला झाला. कादंबरीकार मुल्कराज आनंद बचावाच्या बाजूने साक्षीला उभे राहिले, तरी शिक्षा कायम राहिली.

निवडलेल्या खटल्यांपैकी एक तरी असा ठेवा ज्यात बोलणारा हरला. सगळे जिंकलेलेच खटले शिकवले, तर कोर्टात गेलं की अभिव्यक्ती सुटतेच असा समज मुलं घेऊन जातात.

निकालपत्रं फुकट मिळतात. सर्वोच्च न्यायालयाच्या ई-एससीआर या संकेतस्थळावर अधिकृत पाठ आहेत आणि बऱ्याच निकालांचे मराठी अनुवादही. अनुवाद समजण्यापुरताच असतो, अधिकृत पाठ इंग्रजीच. म्हणून ज्या परिच्छेदावर वर्ग उभा करणार आहात तो दोन्ही भाषांत स्वतः ताडून पाहा. जुनी मासिकं आणि कवितासंग्रह यांसाठी मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाची फेरी ठरलेलीच. सभासद नसाल तर कॉलेजचं पत्र घेऊन जा.

झेरॉक्सबद्दल एक अनुभव सांगते. एका कॉलेजात असताना मी निकालाची मधली दोनच पानं वाटली. वर ना खटल्याचं नाव, ना साल. एका मुलाने त्यातल्या एकाचा फोटो काढला, तो घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेला, तिथून सोसायटीच्या ग्रुपवर. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला एक वडील स्टाफरूमच्या दारात उभे, हातात मोबाईल, त्यावर ते पान मोठं करून धरलेलं. ‘मॅडम, हे तुम्ही लिहिलंत?’ पूर्ण निकाल त्यांच्यासमोर ठेवल्यावर ते शांत झाले. चूक त्यांची नव्हती. तेव्हापासून माझ्या प्रत्येक पानाच्या माथ्यावर तीन गोष्टी छापलेल्या असतात: खटल्याचं नाव व साल, ‘वर्गातील अभ्यासासाठी’ हे शब्द, आणि ‘एकूण पाचपैकी पान दुसरं’ असा पानक्रम.

सावधान: अठरा वर्षांखालच्या मुलांच्या वर्गात अश्लीलतेच्या खटल्यातले मूळ उतारे वाटू नका. अश्लील मजकूर मुलांना देणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९५ खाली वेगळा गुन्हा आहे. ‘पण हे तर साहित्य आहे’ हा तुमचा बचाव कोर्टात टिकेलही, पण त्यासाठी वर्ग पणाला लावायचं कारण नाही. अशा खटल्यात न्यायाधीशांनी लावलेला तर्क शिकवा, तो पुरेसा आहे.

तपासा: विभागप्रमुखांना टाचण लेखी दिलं का? निवडलेलं प्रकरण अजून कुठल्या कोर्टात चालू तर नाही ना? निकालात भारतीय दंड संहितेची जुनी कलमं असतील तर समोर नवे क्रमांक लिहिले का? १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, आणि अश्लीलतेचं २९२ हे २९४ झालं, गटागटांत वैर पसरवण्याचं १५३अ हे १९६, धार्मिक भावनांचं २९५अ हे २९९, आणि बदनामीचं ४९९-५०० हे ३५६. मुलं जुना क्रमांक मोबाईलवर शोधतात आणि भलतंच कलम घेऊन येतात.

टप्पा २: मजकूर, आणि फक्त मजकूर (पहिला तास)

या तासाला खटल्याचा शब्दही काढायचा नाही. ‘ही कविता वादग्रस्त आहे’ हेही नाही. पान वाटा, एकदा तुम्ही मोठ्याने वाचा, एकदा मुलांना मनात वाचू द्या. मग वहीत तीन ओळी लिहायला सांगा: बोलणारा कोण आहे, तो कुणाशी बोलतोय, आणि त्याला ऐकणाऱ्याकडून काय हवंय.

या तीन ओळी पुढच्या सगळ्या तासांचा पाया आहेत. प्रतापगढी प्रकरणातल्या कवितेत तर खटल्याचं उत्तरच तिसऱ्या ओळीत आहे. अन्याय झाला तरी तो प्रेमाने सोसू, असं ती कविता म्हणते. ज्याने ती नीट वाचली आहे, त्याला ‘चिथावणी’ हा शब्द ऐकल्यावर थबकावंच लागतं.

आधी मजकूर, मग मत ही शिस्त मुंबईच्या न्यायाधीशांनीही पाळलेली आहे. १९८८ मध्ये दूरदर्शनवर फाळणीवरची ‘तमस’ मालिका दाखवू नये म्हणून इथल्या उच्च न्यायालयात याचिका आली, तेव्हा न्यायमूर्ती लेंटिन आणि न्यायमूर्ती सुजाता मनोहर यांनी आधी ती मालिका पाहिली आणि मग प्रसारण थांबवायला नकार दिला. पुढे सर्वोच्च न्यायालयानेही मालिका पाहिलेल्या या दोन न्यायाधीशांच्या मताला वजन दिलं. हा किस्सा मुलांना जरूर सांगा, पण दुसऱ्या तासाला. पहिल्या तासाला सांगितलात की ती कवितेत खटला शोधू लागतात.

नेहमीची चूक: ‘तुम्हाला ही कविता आवडली का?’ असं विचारणं. आवडनिवड एकदा तोंडातून गेली की मुलं ती सोडत नाहीत, पुढे तीच निकाल म्हणून लिहितात.

टप्पा ३: हकीकत (दुसऱ्या तासाचा पूर्वार्ध)

आता एक पानभर हकीकत द्या. कधी, कुठे, कुणी तक्रार केली, कोणतं कलम लावलं, आरोपीचं म्हणणं काय. खालच्या कोर्टाचा निर्णय सांगायला हरकत नाही, शेवटचा निकाल मात्र झाकून ठेवा. मुलं मोबाईलवर शोधतीलच, म्हणून हकीकत झाली की त्याच तासात पुढचा टप्पा सुरू करा. हकीकत वाचायला वीस मिनिटांहून जास्त देऊ नका.

टप्पा ४: कलम १९ ची चाळणी (दुसऱ्या तासाचा उत्तरार्ध आणि तिसरा तास)

कलम आत्ता आणायचं. संविधानाची मराठी प्रत वर्गात हवी, आणि १९(२) एका विद्यार्थ्याने उभं राहून वाचावं. त्यात अभिव्यक्तीवर निर्बंध घालण्याची आठ कारणं आहेत: भारताची सार्वभौमता व एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परकीय राज्यांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता किंवा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, अब्रुनुकसानी, आणि अपराधाला चिथावणी. ही यादी संपूर्ण आहे, तिच्याबाहेरच्या कारणाने निर्बंध घालता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२३ च्या कौशल किशोर प्रकरणात स्पष्ट केलं आहे.

यादी वाचून झाली की विचारा, ‘भावना दुखावल्या’ यात कुठे आहे? वर्ग एकदम गप्प होतो. सगळ्यांना खात्री असते की ते तिथे असणारच. पान उलटून पाहतात, शेजाऱ्याच्या प्रतीत डोकावतात. या शांततेवर घाई करू नका, मुलांना शोधू द्या. मग २९५अ, म्हणजे आताचं २९९, वाचून दाखवा आणि त्यातले ‘बुद्धिपुरस्सर’ आणि ‘दुष्ट हेतूने’ हे शब्द अधोरेखित करायला लावा. १९५७ च्या रामजीलाल मोदी प्रकरणात हे कलम टिकलं ते सार्वजनिक सुव्यवस्थेच्या आधारावर, आणि अजाणता किंवा निष्काळजीपणे झालेला अपमान त्यात येत नाही असं न्यायालयाने म्हटलं. कुणाला तरी वाईट वाटणं आणि कुणी तरी मुद्दाम, द्वेषाने वार करणं यातलं अंतर मुलांना इथे पहिल्यांदा दिसतं. माझ्या मते सहा तासांतली ही सर्वांत महत्त्वाची पंचवीस मिनिटं आहेत.

नंतर तीन प्रश्नांची चाळणी फळ्यावर मांडा. निर्बंध कायद्याने घातला आहे का, की नुसत्या कुणाच्या हुकमाने? आठांपैकी कोणत्या कारणासाठी? आणि त्या कारणाच्या मानाने तो वाजवी आहे का?

पहिला सराव मुंबईच्याच एका साप्ताहिकावर घ्या. ‘क्रॉसरोड्स’ मुंबईत छापलं जायचं आणि मद्रास सरकारने त्याला आपल्या राज्यात यायला बंदी केली. मे १९५० मध्ये त्याच्या प्रकाशकाच्या, रमेश थापर यांच्या प्रकरणात ती बंदी रद्द झाली, कारण तेव्हाच्या १९(२) मध्ये ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ हे कारण नव्हतंच. ते १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने आलं, आणि ‘वाजवी’ हा शब्दही तेव्हाच. यादी माणसांनी केली आहे आणि बदलली आहे, हे मुलांना एवढ्या एका उदाहरणात कळतं.

सावधान: ‘सोसायटीच्या ग्रुपवरून माझा मेसेज काढला, हे कलम १९ चं उल्लंघन आहे का?’ हा प्रश्न हमखास येतो. हा हक्क मुळात सरकारला रोखण्यासाठी आहे, असं सांगा. वर उल्लेखलेल्या २०२३ च्या निकालात बहुमताने तो खासगी व्यक्तींविरुद्धही मागता येईल असं म्हटलं आहे, हेही सांगा, पण त्या वाटेने तिसरा तास घालवू नका.

टप्पा ५: मुलांचा स्वतःचा निकाल (चौथा तास)

प्रत्येकाने एकट्याने, वर्गातच, हाताने लिहायचं. एक पान पुरे. सांगाडा असा: घटना तीन वाक्यांत, कोर्टासमोरचा प्रश्न एका वाक्यात, दोन्ही बाजूंचा सर्वांत भक्कम मुद्दा, आपला निर्णय, आणि त्याचं कारण मजकुरातल्या एका ओळीवर बोट ठेवून.

‘दोन्ही बाजूंचा सर्वांत भक्कम मुद्दा’ यावर अडून राहा. मुलं विरोधी बाजूला लेचापेचा मुद्दा देतात आणि मग तो सहज पाडतात. उदेशी प्रकरण घेतलं असेल तर अर्ध्या वर्गाला मुल्कराज आनंदांच्या जागी बसवा आणि उरलेल्यांना उलटतपासणी घ्यायला सांगा. लिहिण्याआधी पंधरा मिनिटं हे केलं की मुद्दे धारदार होतात.

‘श्यामा’च्या तासाला दुसऱ्या बाकावरच्या एका मुलीने निर्णय लिहिला, ‘दोषी’. कारण, ‘माझ्या आईला हे आवडलं नसतं.’ मी शेरा मारला नाही, फक्त ‘आई’ या शब्दाभोवती पेन्सिलीने गोल केला आणि समासात लिहिलं, ‘कोर्टाने कुणाच्या डोळ्यांनी वाचायचं?’ पुढच्या तासाला तिने हाच प्रश्न सगळ्या वर्गाला विचारला. तेव्हापासून हा प्रश्न मी दरवर्षी घेते.

नेहमीची चूक: हात वर करून मत घेणं. वीस विरुद्ध बारा असा आकडा फळ्यावर आला की कारणं मरतात. मतमोजणी करूच नका. तसंच, ज्या समाजाच्या भावनांचा विषय आहे त्या समाजातल्या विद्यार्थ्याला ‘तुला काय वाटतं?’ असं सर्वांदेखत विचारू नका. तो वर्गात विद्यार्थी म्हणून बसलाय.

टप्पा ६: खरा निकाल उघडा (पाचवा तास)

निवडलेले तीन-चार परिच्छेद द्या, सगळं निकालपत्र नको. मुलांनी आपल्या पानाशेजारी ते ठेवून दोन रंगांनी खुणा करायच्या: माझं आणि न्यायालयाचं कारण जिथे जुळलं तिथे एक, न्यायालयाने जे पाहिलं आणि मी पाहिलं नाही तिथे दुसरा. निर्णय जुळला आणि कारण चुकलं, असं निम्म्या वर्गाचं तरी होतं. ते बोलून दाखवा.

निकालातलं एखादं सुंदर वाक्य फळ्यावर लिहून थांबायचा मोह होतो. तो आवरा. कोणत्या घटनेवर कोणता नियम लावला, हे मुलाला आपल्या शब्दांत सांगता आलं पाहिजे.

टप्पा ७: वाचक कोण? (सहावा तास)

आता एका खटल्यावरून साखळीवर या. प्रत्येक निकालापुढे एकच गोष्ट लिहायची, न्यायालयाने डोळ्यांसमोर कोणता वाचक ठेवला.

उदेशी, १९६४: १८६८ च्या इंग्लंडमधली हिकलिन कसोटी. ज्याचं मन अशा मजकुराने बिघडू शकतं आणि ज्याच्या हाती तो पडू शकतो, असा वाचक.

काकोडकर, १९६९: समकालीन समाजाची मोजपट्टी पुढे येते. लैंगिक उल्लेख आला की अश्लील असं धरलं, तर निव्वळ धार्मिक पुस्तकांखेरीज काही विकताच येणार नाही, असं न्यायालय म्हणतं.

समरेश बसू, १९८५: बंगाली कादंबरी ‘प्रजापती’. न्यायाधीशाने आधी लेखकाच्या जागी बसावं, मग ज्यांच्या हाती पुस्तक जाईल अशा सर्व वयांच्या वाचकांच्या जागी, आणि मग निर्णय करावा. असभ्य भाषा म्हणजे अश्लीलता नव्हे, हा फरकही इथलाच. वर्गात हे अक्षरशः करा. एक खुर्ची लेखकाची, एक वाचकाची, एक न्यायाधीशाची, आणि एकाच विद्यार्थ्याने तिन्हींवर पाळीपाळीने बसून बोलायचं. खुर्ची बदलली की आवाज बदलतो, हे मी दरवेळी पाहते.

अवीक सरकार, २०१४: हिकलिन कसोटी सोडून दिली, समाजाचे समकालीन मापदंड घेतले.

देविदास तुळजापूरकर, २०१५: वसंत दत्तात्रेय गुर्जर यांची ‘गांधी मला भेटला’ ही कविता, १९९४ मध्ये बँक कर्मचाऱ्यांच्या एका संघटनेच्या अंकात छापलेली. माफी मागितलेल्या प्रकाशकाला न्यायालयाने सोडलं, कवीला मात्र खटल्याला सामोरं जायला सांगितलं. आदरणीय ऐतिहासिक व्यक्तीच्या तोंडी शब्द घालताना मापदंड अधिक कडक लागतो, असं त्यात म्हटलं आहे. पदवीच्या मुलांना विचारा, आठ कारणांपैकी कोणत्या कारणात हे बसतं? मी स्वतः या निकालाशी सहमत नाही. तसं मुलांना सांगते, पण त्यांची पानं गोळा करून झाल्यावर.

प्रतापगढी, २०२५: इथे वाचक थेट बदलतो. शब्दांचा परिणाम समंजस, खंबीर मनाच्या माणसावर काय होईल ते पाहायचं. दुबळ्या, डळमळीत मनाच्या आणि प्रत्येक विरोधात धोका पाहणाऱ्या माणसावर नव्हे. ही कसोटी नवी नाही. १९४६ मध्ये नागपूरच्या उच्च न्यायालयात न्यायमूर्ती विवियन बोस यांनी ती मांडली होती, आणि ‘तमस’च्या निकालातही तीच लावली गेली.

तपासा: साखळी म्हणजे ‘पूर्वी मागास, आता पुढारलेले’ अशी सरळ रेघ नाही, हे मुलांच्या लक्षात आलं का? २०१४ नंतर २०१५ आहे. आणि अश्लीलतेची व वैर पसरवण्याची कलमं वेगवेगळी आहेत. एकाची कसोटी दुसऱ्याला जशीच्या तशी चिकटवली तर पान परत द्या.

टप्पा ८: फोर्टची फेरी (जमल्यास)

मुंबईत शिकवतो याचा फायदा घ्यावा. उच्च न्यायालयातली खुली सुनावणी कुणालाही ऐकता येते, पण वीस मुलांचा गट न्यायचा तर आधी लेखी परवानगी काढा, ओळखपत्रं जवळ ठेवायला सांगा, आणि सुट्टीच्या तारखा पाहूनच दिवस ठरवा. याच इमारतीत २२ जुलै १९०८ रोजी टिळकांना राजद्रोहासाठी सहा वर्षांची शिक्षा झाली. नऊ ज्युरींपैकी सात जण दोषी म्हणाले, दोघे निर्दोष. टिळकांचे तेव्हाचे उद्गार कोरलेली शिळा तिथे आहे. शिळेसमोर फोटो काढायला लावण्याआधी ‘केसरी’तल्या ज्या लेखांवरून खटला झाला ते वाचून झालेले असावेत. इथेही टप्पा दोनचाच नियम.

टप्पा ९: मोबाईलवरचं बोलणं आणि गुण

शेवटच्या तासाला श्रेया सिंघल, २०१५. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ, म्हणजे ऑनलाइन ‘आक्षेपार्ह’ मजकुराला शिक्षा देणारं कलम, रद्द झालं तो निकाल. २०१२ मध्ये मुंबई बंदबद्दल एकीने फेसबुकवर लिहिलं आणि दुसरीने ते लाईक केलं म्हणून पालघरच्या दोन मुलींना अटक झाली, त्यातून हा विषय पेटला. त्या जवळपास तुमच्या विद्यार्थ्यांच्याच वयाच्या होत्या. या निकालातल्या तीन पायऱ्या मुलांना पाठ हव्यात: चर्चा, पुरस्कार (म्हणजे एखाद्या मताची बाजू उचलून धरणं), चिथावणी. पहिल्या दोन कितीही अप्रिय असल्या तरी संरक्षित आहेत, तिसऱ्या पायरीवर कायदा येतो. उदाहरणं तुम्ही तयार करून न्या. मुलांच्या स्वतःच्या पोस्ट वर्गात काढू नका, आणि त्यांनी लिहिलेले निकाल समाजमाध्यमांवर टाकायलाही सांगू नका.

गुण वीस ठेवा. मजकुरातल्या ओळीचा आधार दिल्याबद्दल सात, न पटणाऱ्या बाजूचा मुद्दा प्रामाणिकपणे मांडल्याबद्दल सात, कलमाचा नेमका वापर चार, मांडणी दोन. ‘बरोबर’ निर्णयाला शून्य. हे वर्गात पहिल्याच दिवशी सांगा, नाहीतर मुलं बाईंना काय हवंय ते लिहितात. तपासलेली पानं परत देताना चौथ्या तासाचं पान वर ठेवा, आणि त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर दहा मिनिटांत एवढंच लिहायला सांगा: आज पुन्हा लिहिलं तर यातली कोणती एक ओळ मी बदलेन?